पाच पायांचा घोडा

३ मार्च, सोमवार

आजपासून मी उद्योजक. गेल्या महिन्यापर्यंत विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारणारा वरिष्ठ सहायक होतो. कंपनीने मोठ्या प्रेमाने स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाची, हे कागदावर लिहिलेलं नव्हतं.

धंदा सोपा आहे. भंगारवाल्याकडून जुन्या वस्तू घ्यायच्या, पुसायच्या आणि नेटवरच्या लिलावात टाकायच्या. आपण ठरवू तितके दिवस लोक चढाओढीने बोली लावतात, शेवटची बोली ज्याची त्याची वस्तू. आपण फक्त खोकं बांधायचं. सकाळी सोफा भिंतीला सरकवून बैठकीच्या खोलीचं गोदाम केलं. बायको शाळेतून आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "आलेल्या माणसाने बसायचं कुठे?" ती प्राथमिक शाळेत शिकवते. भव्य कल्पनांची तिला सवय नाही.

एकच कटकट आहे. प्रत्येक वस्तूखाली तिचं वर्णन लिहावं लागतं. भिंतीवरच्या एका जुन्या घड्याळासमोर सकाळभर बसून मी लिहिलं : 'घड्याळ. जुने. चालते.' जेवण करून आल्यावर 'चालते' खोडावं लागलं.

५ मार्च, बुधवार

मार्ग सापडला. बाकीचे काय लिहितात ते बघावं म्हणून शोधत होतो, तर 'अडगळ' या नावाने विकणारी एक बाई सापडली. माझ्यासारखंच घड्याळ, आणि खाली तिने लिहिलंय : 'ठोके देण्याआधी हे घड्याळ घसा खाकरतं. पाहुणे दचकतात. आमचा कुत्रा इतकी वर्षं झाली तरी दर तासाला पलंगाखाली जातो. घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं, पण ज्यांना घाई आहे त्यांनी हे घेऊच नये.'

आता यात काय आहे? मी पाहतच राहिलो. बोली लावणाऱ्यांची ही रांग! मला मनापासून राग आला. घड्याळ तेच, लाकूड तेच, आणि केवळ बाई लिहिते म्हणून लोक पैसे ओततात.

मी तिचा मजकूर उचलून माझ्या घड्याळाखाली ठेवला. याला चोरी म्हणणारी माणसं कधी ऑफिसात बसलेली नसतात. आम्ही वर्षानुवर्षं मागच्या पत्रावरची तारीख बदलून नवी पत्रं पाठवली. नकार असा कितीसा वेगळा वेगळा लिहिणार? शिवाय शब्द काही तिने घरी विणलेले नाहीत. घड्याळ, घसा, कुत्रा हे सगळे शब्द माझ्याही घरात आहेत. मी याला प्रेरणा म्हणतो.

१० मार्च, सोमवार

घड्याळ गेलं! आणि चांगलं गेलं. बायकोला पेढ्यासारखी बातमी दिली. तिने वह्या तपासता तपासता "बरं" म्हटलं.

फक्त घेणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला : 'कुत्र्याला आता घड्याळावाचून करमतं का?' मी लिहिलं, 'मजेत आहे.' तर लगेच, 'कुठल्या जातीचा? फोटो पाठवा ना.' या लोकांना उद्योग नाहीत का? शेवटी 'लाजाळू आहे, फोटो काढू देत नाही' असं कळवलं. यावर त्यांनी कुत्र्यासाठी म्हणून एक मऊ सतरंजी पाठवायची तयारी दाखवली आहे.

जेवताना हे सांगितलं तर बायको हसायची थांबेना. मग म्हणाली, "माझ्या वर्गात बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, त्यावरून काही कळत नाही. चूक सारखी आली की कळतं, कोण कुणाच्या शेजारी बसलं होतं."

मी म्हणालो, "तिसरीच्या पोरांचे नियम उद्योगाला लावू नयेत."

"नाही लावत," ती म्हणाली. "पोरांना निदान घाम तरी फुटतो."

१३ मार्च, गुरुवार

भंगारवाल्याने पायाने चालवायचं शिलाई मशीन आणून टाकलं. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली नक्षीचे लोखंडी पाय, वर लाकडी फळी. आणायला दोन माणसं लागली आणि तिसरा मी, ओरडायला.

योगायोग बघा, अडगळवाल्या बाईंकडे हुबेहूब असंच मशीन कालच लिलावाला लागलंय. बाईंनी ते टाकलंय 'जुनं फर्निचर' या सदरात! शिलाई मशीन शोधणारा माणूस फर्निचरमध्ये कशाला डोकावेल? लिहिता येतं म्हणजे धंदा येतो असं नाही. मी मात्र माझं मशीन 'शिलाई मशीन' या सदरात टाकलं. म्हणजे मजकूर त्यांचा, पण अक्कल माझी. मूल्यवर्धन म्हणतात याला.

मजकूर असा : 'हे मशीन ज्या घरात होतं तिथे भरपूर शिवण झालेलं आहे. पायडल पायांनी झिजून गुळगुळीत झालंय. फळीच्या खालच्या बाजूला, खणाच्या मागे, कुणा लहान मुलाने खिळ्याने एक घोडा कोरला आहे. घोड्याला पाच पाय आहेत. मी तो घासून काढलेला नाही. तुम्हीही काढू नका.'

शेवटची आज्ञा जरा आगाऊ वाटली, पण राहू दिली. ग्राहकाला दरारा आवडतो. फळीखाली वाकून बघणार होतो, पण कंबर साथ देत नाही. आणि वर्णनात लिहिलंय म्हणजे असणारच की.

१५ मार्च, शनिवार

अडगळवाल्या बाईंचा निरोप. 'नमस्कार. तुमच्या घड्याळाचं आणि मशीनचं वर्णन माझं आहे. घड्याळाचं मी सोडून दिलं. पण घोडा माझ्याकडच्या मशीनला आहे. तुमच्याही मशीनला पाच पायांचा घोडा असेल तर मला फार आनंद होईल, फोटो पाठवा. नसेल तर मजकूर काढा. कुणी घोड्यासाठी म्हणून मशीन घेतलं तर त्याची फसवणूक होईल. बोलायचं असल्यास फोन करा.' खाली नंबर.

घोड्यासाठी कोण मशीन घेतं? आणि फोन कोण करतं हल्ली? नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय ते या बाईंकडून शिकावं. उत्तर दिलं नाही. विम्यातला अनुभव सांगतो, अर्ध्या तक्रारी उत्तर न दिल्याने मरतात.

२० मार्च, गुरुवार

मशीनचा लिलाव संपला. एकाच बाईने सुरुवातीपासून बोली लावली होती, आणि कुणी वर गेलं की पाठोपाठ ती वर जायची. असं हट्टी गिऱ्हाईक देवाने सगळ्यांना द्यावं.

मग तिचा निरोप आला. तसाच्या तसा उतरवतो. (सवयच लागली आहे.)

'मी निवृत्त नर्स आहे. ते मशीन माझ्या आईचं आहे. आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर परगावी होते. मी पोचेपर्यंत भावाने घर रिकामं केलं होतं. मशीन कुणाला विकलं हेही त्याला सांगता आलं नाही. नातवाने शोधायला शिकवलं तेव्हापासून मी रोज शिलाई मशीन बघते. हजार बघितली असतील. पाच पायांचा घोडा वाचला आणि नातवाला हाक मारून पुन्हा वाचायला लावलं. तो मीच कोरला होता, सात वर्षांची असताना. फोटो पाठवू नका, मला तो स्वतः बघायचाय. रविवारी येते.'

मी कंबर विसरून मशीनखाली शिरलो. मोबाइलचा दिवा लावून फळीचा कोपरान् कोपरा बघितला. खणाच्या मागेही बघितलं.

फळी कोरी आहे. घोडा नाही, शेपूटही नाही. बाहेर येताना डोकं आपटलं ते वेगळंच.

२१ मार्च, शुक्रवार

शांतपणे विचार केला.

एक मार्ग असा की नर्सबाईंना लिहावं : बाई, तुमचं मशीन अडगळवाल्या बाईंकडे आहे, त्यांचा लिलाव रविवारी संध्याकाळी सहापर्यंत उघडा आहे, तिकडे जा. पण मग माझं मशीन पडून राहणार, वर 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' असा शेरा माझ्या नावापुढे कायमचा. एका महिन्यात धंदा बुडवला म्हणून बायको काही बोलणार नाही, आणि तिचं ते न बोलणं मला ऐकावं लागणार.

शिवाय न्यायाने बघितलं तर उपकार कुणाचे? अडगळवाल्या बाईंनी मशीन फर्निचरमध्ये गाडून ठेवलेलं. मी ते शब्द योग्य सदरात आणले नसते तर नर्सबाईंना जन्मात घोडा दिसला नसता. अशी नक्कल करणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा.

आणि नर्सबाईंना नेमकं हवंय काय? आठवण. ती तर त्यांच्याकडे आहेच. मी फक्त फळी पुरवायची.

वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर दोनच गोष्टी करता येतात. वर्णन बदलायचं, किंवा वस्तू. वर्णनाला हात लावणं मला बरं वाटत नाही. दुसऱ्याचं आहे ते.

२२ मार्च, शनिवार

बायको शाळेच्या सहलीला गेलेली. दुपारी शेजाऱ्याला बोलावून मशीन आडवं केलं. "तेल घालायचंय," म्हणालो. तो गेल्यावर खिळा घेतला.

लाकूड वाटतं तितकं मऊ नसतं. पहिला पाय घसरला आणि अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. मग मात्र हात बसला. सात वर्षांच्या मुलीने कसा काढला असेल याचा नीट विचार करून मान जरा वाकडी ठेवली. पाच पाय मोजून काढले. पाचवा कुठे काढावा हे वर्णनात नव्हतं, म्हणून पोटाखाली मध्ये काढला. सगळं झाल्यावर घोडा बोडका दिसायला लागला, तेव्हा आयाळ दिली. डोळाही दिला. चहाच्या पाण्यात चिंधी बुडवून वरून फिरवली, म्हणजे रेघा जुन्या दिसतील. खरं सांगायचं तर शाळेनंतर पहिल्यांदाच चित्र काढलं. दोन तास कसे गेले कळलं नाही, आणि मधे तर मी कुठलंसं गाणं गुणगुणत होतो.

संध्याकाळी बायकोने नख पाहिलं. मग जमिनीवरचा भुसा पाहिला. केरसुणी आणून माझ्या हातात दिली आणि आत गेली.

२३ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी लिलाववाल्यांचा निरोप आला. दुसऱ्या विक्रेत्याचा मजकूर वापरल्याची तक्रार आल्यामुळे माझं खातं चौकशी होईपर्यंत बंद. विकताही येणार नाही, बोलीही लावता येणार नाही. अडगळवाल्या बाई शेवटी गेल्याच चुगली करायला. दिवसभर मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत बसलो.

नर्सबाई दुपारी चारच्या पुढे आल्या. उशीर झाला म्हणून त्यांनीच माफी मागितली. दोन बस बदलाव्या लागल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बायकोने पाणी दिलं ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. मशीनच्या अंगावरून हात फिरवला, पायडल पायाने एकदा दाबून पाहिलं, आणि कपाळाला बारीक आठी पडली. मग ग्लास ठेवला, पदर खोचला आणि सरळ जमिनीवर उताण्या पडून मशीनखाली सरकल्या. लहान मूल पडतं तशा. मी दिवा धरायला वाकलो.

त्यांना मान वळवून वळवून बघावं लागत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी मशीन आडवं करून बाहेरून कोरलं होतं. खाली निजलेल्या माणसाला माझा घोडा उलटा दिसतो.

त्यांनी माझा हात धरून दिवा जवळ घेतला. मग म्हणाल्या, "हा घोडा आहे."

"हो तर," मी म्हणालो. "अगदी वर्णनाप्रमाणे. पाच पाय आहेत, मोजून बघा."

"मी घोडा नव्हता काढला."

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई दिवसभर मशीनवर असायची," खालून आवाज येत होता. "मी इथेच, खाली. चिंध्यांशी खेळायचे. तिचे पाय दिसायचे फक्त. मी मशीन काढलं होतं. हे मशीनचं अंग, हे टेबलाचे चार पाय, आणि मधे उभी ती मी. भावाला दिसलं तर तो म्हणाला, घोडा, पाच पायांचा! सगळं घर हसलं. आईसुद्धा. मग मी नाही सांगितलं कुणाला, की ती मी आहे."

त्यांनी बोटाने आयाळ चाचपली. बोटाला लाकडाचं कुसळ लागलं. ते त्या बघत राहिल्या. "हा कुणी काढला?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो. "जुनी वस्तू आहे."

त्या बाहेर सरकल्या, उठून बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला हाताळायचं शिक्षण माझं झालेलं आहे. त्यांनी फक्त विचारलं, "मग माझं कुठंय?"

मी बायकोकडे पाहिलं. तिने बोलायला हवं होतं, मला फार सोयीचं झालं असतं. तिने हाताची घडी घातली. भिंतीवर आमच्या स्वतःच्या घड्याळात पाच वाजून गेलेले दिसत होते. आणखी थोडा वेळ मी गप्प बसलो असतो तर तो लिलाव आपोआप संपला असता, आणि मला काही ठरवावंच लागलं नसतं. हे मी मनात पक्कं मोजलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो. पण त्या बाई जमिनीवर बसून होत्या, पदर अजून खोचलेलाच होता, आणि वॉर्डात नातेवाईक डॉक्टरांकडे बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या. मला ते सहन होईना.

"माझ्याकडे नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या एका बाईंकडे आहे. मी त्यांचे शब्द घेतले. थांबा."

मोबाइलवर अडगळवाल्या बाईंच्या मशीनचं पान उघडलं. त्यावर एकाच माणसाची बोली होती. त्याच्या दुकानाची पानं उघडली तर नुसती हॉटेलची टेबलं : खाली शिलाई मशीनचे लोखंडी पाय, वर नवीकोरी काच. लाकडी फळ्यांचं काय करतो ते दिसत नव्हतं, पण फार विचार करावा लागला नाही. माझं खातं बंद. बायकोचं उघडायला गेलो तर ओळख पटवायला एक दिवस लागेल म्हणे. नर्सबाईंचं खातं होतं, पण माझ्या मशीनचे पैसे त्यात अडकलेले. ते सुटेपर्यंत नवी बोली लागेना. हेही माझंच कर्तृत्व.

"नंबर आहे ना त्यांचा?" बायको पहिल्यांदा बोलली. "मग लावा की फोन."

घंटी वाजत असताना मी वाक्य शोधत होतो. पूर्वी प्रत्येक प्रसंगाला एखादं जुनं पत्र सापडायचं. या प्रसंगाचं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

"हॅलो, कोण?"

"मी तुमची वर्णनं चोरतो तो," मी म्हणालो.

बाईंनी विचारलं, "कुठले? बरेच जण चोरतात."

"घड्याळवाला. आणि मशीनवाला."

"अच्छा. म्हणजे आमचा कुत्रा तुम्ही नेलात तर."

कान तापले. पण वेळ नव्हता. "तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं," मी म्हणालो. "घोड्यासाठी म्हणून एक बाई आल्या आहेत. मशीन त्यांच्या आईचं आहे. माझ्या फळीवर घोडा नव्हता, तो काल कोरला गेला. त्यांनी ओळखलं. माझ्यावरची तक्रार राहू द्या, तुमचा लिलाव थांबवा. तो माणूस फळी फेकून देईल."

मी कधी इतकं सलग बोललो नव्हतो. बाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे द्या फोन."

नर्सबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला. "घोडा नाहीये हो तो," त्या म्हणाल्या. मग घाईने, "तुम्ही जरा खाली जाऊन बघता का? मधला जो पाय आहे ना, त्याला वर दोन वेण्या असतील."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, कुणीतरी कण्हलं, कुत्रा भुंकला. मग अडगळवाल्या बाईंचा आवाज इतका मोठा आला की आम्हालाही ऐकू गेला : "आहेत! अगं बाई, आहेत वेण्या! मी कान समजत होते!"

नर्सबाई हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. बायकोने त्यांना सोफ्यावर नेण्यासाठी खोकी बाजूला ढकलली.

लिलाव सहाच्या आत मागे घेतला गेला. नर्सबाई उद्या तिकडे जाणार. माझ्या मशीनचा व्यवहार रद्द केला, त्यांचे पैसे त्यांना परत जातील. अडगळवाल्या बाईंनी माझ्याबद्दल पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारतील.

चहा पिऊन नर्सबाई निघाल्या. दाराशी बुटांचे बंद बांधताना त्या थांबल्या आणि मशीनकडे बघून म्हणाल्या, "घोडा मात्र चांगला आलाय हो. आयाळ किती मन लावून काढलीये. कुणी काढला, खरं सांगा."

बायको माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणालो. "काल दुपारी."